नोमानची लिंक

१४ नोव्हेंबर

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, घरी कोण येतं, काय बोलतं, फोन कुणाचे येतात, सगळं तारीख घालून लिहीत जा. पुढे कामाला येईल." म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात वही दिली की ती कोर्टाच्या कामाचं किती लिहील आणि स्वतःच्या मनाचं किती, हे त्यांनी आधी बघायला हवं होतं.

काय झालं ते एकदाच लिहिते. रोह्याच्या एमआयडीसीत माझा मुलगा प्रविण ऑपरेटर होता. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या शिफ्टला रिअ‍ॅक्टर फुटला. तीन माणसं जागेवर गेली. प्रविण जगला, हात कोपरापर्यंत भाजले. आहेत, पण कामाचे नाहीत. त्याच्या पट्ट्या सुटायच्या आत गुन्हा त्याच्यावरच पडला, की कूलिंगचा पंप बंद असताना ह्यानेच माल चढवला. प्रविण म्हणतो, मी दोनदा नाही म्हटलं, सुपरवायझरने दम दिला, चालू ठेव. तो दम ऐकणारे चार जण होते. त्यातले तीन गेले. उरला एक, रोह्याचा नोमान. ठेकेदाराकडचा हेल्पर.

तो बोलला तर माझा पोरगा घरी राहील. नाही बोलला तर तुरुंगात जाईल. जामीन काही जन्माचा नसतो.

आज आलेलं माणूस: शेजारचा काळुराम. चहा प्याला, प्रविणच्या हातांकडे बघून "अरेरे" म्हणाला, आणखी अर्धा कप मागितला.

१९ नोव्हेंबर

मृणाली नोकरीवर रजा टाकून पेणला आलीय. प्रविणची मुलगी, पनवेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात असते. आई लहानपणी गेली, मी वाढवली, म्हणून हट्टी.

ती एक वेबसाइट करतेय. कारखान्यातल्या माणसांनी तिथे जाऊन लिहायचं, पंप कधीपासून बिघडलेला होता, कोणी काय सांगितलं. नावं फक्त वकीलबाईंना दिसणार.

मी विचारलं, "आत जायचं कसं? पासवर्ड?" एवढं मलाही कळतं.

"पासवर्ड नाहीच ठेवत. ह्या लोकांचे पासवर्ड मोबाईलच्या कव्हरात चिठ्ठीवर लिहिलेले असतात, आणि मोबाईल गेटवर जमा. मुकादम चहा पिता पिता वाचेल. इथे माणसाने फक्त आपला ईमेल मला कळवायचा. मी त्याच्या मेलवर एक लिंक पाठवते. ती दाबली की तो आत. लिंक एकदाच चालते, आणि पंधरा मिनिटांत मरते. चोराला सापडलीच, तर मेलेली सापडेल."

"बांगड्यापेक्षा लवकर खराब होते म्हणायची."

हसली नाही. हल्ली हसत नाही ती. पण रात्री जेवताना प्रविणला घास भरवता भरवता तिने तेच परत समजावून सांगितलं, एखाद्याने नवं घर दाखवावं तसं. प्रविण हूं हूं करत होता. त्याला काय कळलं देव जाणे.

२७ नोव्हेंबर

रोह्याला जाऊन आले. नोमानची आई नूरबानो माझी जुनी जोडीदारीण. रोह्याच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसायचो, मी मीठ आणि वाल घेऊन, ती अंडी घेऊन. एवढ्या वर्षांत तिने मला कधी गोड बोलून फसवलं नाही. फसवायचं तर शिव्या देऊन फसवते.

"ये गो ये. मला वाटलं मेलीस."

"तुझ्या आधी? एवढी घाई नाय मला."

"पोरगा कसा हाय तुझा?"

"तुझ्या पोराच्या तोंडाकडे बघत बसलाय."

तिने आत बघून नोमानला हाक मारली. पोरगा वाळलाय. कारखाना बंद झाल्यापासून घरीच. मोठा भाऊ सईद मस्कतला आहे, ह्यालाही तिकडे जायचंय, पण विसा काही लागत नाही.

त्याला साइटचं सांगितलं. म्हणाला, "मावशी, प्रविणदादांनी मला ढकलून दाराबाहेर काढलं नसतं तर मी पण गेलो असतो. लिहितो मी. पोलिसांत जायला सांगू नका, बस."

"पोलिसात नाय जायचं. घरी बसून लिहायचं. मेल हाय ना तुझी?"

"हाय ना. हरेशकडे."

हरेश म्हणजे रोह्याच्या स्टँडजवळचा फॉर्मवाला. झेरॉक्स, पासपोर्ट, पीएफ, गेटपास, सगळं त्याच्याकडे. मेल लागते म्हणून त्यानेच सगळ्यांना एकेक काढून दिली. कोणाला लक्षात राहत नाही म्हणून पासवर्डही तोच सांभाळतो. काही आलं की फोन करतो, "काकी, तुमची मेल आलीय," आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. माझीही त्यानेच काढलीय, आधारच्या वेळी. सेवाभावी पोरगा. असे चार असते तर सरकारची गरज नव्हती.

निघताना नूरबानोने अंडी दिली आणि म्हणाली, "पोराला माझ्या काय झालं ना, तर तुझ्या दारात येऊन बसेन, धोंडू."

"बस की. चहा देईन."

४ डिसेंबर

नोमानचा फोन. "मावशी, ही लिंक तर म्हणते आधीच वापरली गेली. मी तर आत्ताच दाबली."

मृणालीने दुसरी पाठवली. तीही मेलेली. तिसरी पाठवली. ती म्हणे मुदत संपली.

मृणाली दिवसभर कॉम्प्युटरला नाक लावून. म्हणे तो दोनदा बोट लावत असेल, म्हणे मेल उशिरा पोचत असेल, म्हणे रेंज नसेल. बाकीच्यांचंही तेच. सहा-सात जणांनी लिहायचं म्हटलं, एकालाही दार उघडेना.

मी म्हटलं, "तुझ्या दाराला कडी आतून लावलीस वाटतं."

"आजी, प्लीज."

७ डिसेंबर

आज भांडण झालं. मी तिला सांगितलं, पंधरा मिनिटं ही काय मुदत झाली? आमचा माणूस पंधरा मिनिटांत चष्मा शोधतो. खाडीकडच्या गावात रेंज यायला बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. तू पनवेलच्या माणसांसाठी बनवलंस, आमच्यासाठी नाही.

ती म्हणाली, "मुदत आहे आणि एकदाच चालते, म्हणून तर ती सुरक्षित आहे. ते काढलं तर उरलं काय?"

"उरेल काय ते मला नको सांगूस. बाप तुरुंगात जाईल तेव्हा त्याला सांग, बाबा, लिंक मात्र सुरक्षित होती."

हे मी बोलायला नको होतं, असं काळुरामची बायको म्हणाली. ती भिंतीला कान लावून होती. मी तिला म्हटलं, तू भिंत सोड.

९ डिसेंबर

ऐकलं एकदाचं. आता लिंक दिवसभर चालते, आणि कितीदाही दाबली तरी चालते. मृणालीचं तोंड उतरलेलं. उतरू दे. कालवण अळणी असलं तर मीठ घालतात, पुस्तक उघडून बसत नाहीत.

११ डिसेंबर

नोमान आत गेला. लिहिलं त्याने. मृणालीने मला आणि प्रविणला वाचून दाखवलं. पंप दसऱ्यापासून खोकत होता. त्या दिवशी बंदच होता. प्रविणदादा दोनदा नाही म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, "चालू ठेव, नाहीतर उद्यापासून येऊ नको." माझ्या कानाने ऐकलं. मग दाराबाहेर ढकललं ते.

प्रविण भिंतीकडे तोंड करून झोपला. मी म्हटलं, तोंड इकडे कर, औषध लावायचंय.

बाकीच्यांनीही लिहिलं. वकीलबाई खूश. त्यांनी मृणालीकडून एका कागदावर सही घेतली, की ह्या साइटवर ज्याच्या मेलवर लिंक जाते तोच माणूस आत येतो, दुसरा येऊ शकत नाही. मृणाली सही करताना थोडी थांबली. म्हणाली, "आता मुदत वाढवलीय, ते लिहायला पाहिजे का?" वकीलबाई म्हणाल्या, "मेल तर ज्याची त्याचीच आहे ना?" ती म्हणाली, हो.

मग केली सही.

२० डिसेंबर

औषधं आणायला रोह्याला गेले होते. पेणला मिळत नाही ते मलम. स्टँडवर हरेशने हाक मारली, दुकानात बसवलं, चहा मागवला. मी नको म्हटलं तरी सोबत खारी. दुकानात नवा कॉम्प्युटर आलाय, खुर्ची फिरती. त्या खुर्चीवर सुशीलशेठ बसलेला. कारखान्याला माणसं पुरवणारा ठेकेदार. नोमान त्याच्याचकडे होता.

"प्रविण कसा आहे, काकी?"

"हात गेले, जीभ हाय."

"चांगला माणूस. वाईट झालं." आणि हरेशकडे बघून हसला. हरेश हसला नाही. तो त्याच्या कीबोर्डावरची धूळ पुसत होता. नवाकोरा कीबोर्ड, त्यावर कसली धूळ?

हरेशने विचारलं, "मृणालीताईंची साइट जोरात चाललीय म्हणे?" मी म्हटलं, "चालणारच. माझी नात हाय." चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने. आजकाल कोण एवढं करतं?

२ जानेवारी

नूरबानोचा फोन, किंचाळतच. नोमानचा विसा आला. दोन वर्षं लागत नव्हता तो आठ दिवसांत लागला. कोणा ओळखीच्याने लावून दिलं म्हणे. कोणत्या ओळखीच्याने, विचारलं, तर म्हणाली, "अल्लाने, अजून कोणी?" बरं. अल्ला हल्ली लवकर काम करतो.

मृणाली घाबरली. वकीलबाई म्हणाल्या, घाबरू नका, लिहिलेलं आहेच आपल्याकडे, वेळ पडली तर तिकडून फोनवर तोंड दाखवेल.

६ जानेवारी

नोमान जायच्या आधी घरी येऊन गेला. प्रविणच्या खाटेशी बसला. हात मिळवायला पुढे केला आणि मागे घेतला. मग खांद्यावर ठेवला.

"दादा, मी लिहिलंय ते लिहिलंय. हलणार नाय."

प्रविण म्हणाला, "आईला पैसे वेळेवर पाठवत जा." एवढंच. दोघंही गाढव. बोलायचं ते बोलत नाहीत.

मी नोमानला वालाची खिचडी वाढली. दोनदा घेतली.

१८ जानेवारी

सकाळी मृणाली ओरडली. मला वाटलं प्रविण पडला.

काल नोमानच्या मेलवरून नवी लिंक मागितली, हिने पाठवली, आणि आज साइटवर त्याच्या नावाने दुसरं लिहून आलंय. "आधीचं मी दबावाखाली लिहिलं. प्रविणच्या आईने घरी येऊन लिहायला लावलं. खरं असं, की सुपरवायझर त्या वेळी तिथे नव्हता. प्रविणने स्वतःच्या डोक्याने माल चढवला. मी नको म्हणालो होतो."

प्रविणच्या आईने. म्हणजे मी.

मी मृणालीला म्हटलं, परत वाच. तिने वाचलं. मग मी भांडी घासायला बसले, कारण तिथे बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मनात आलं, नोमान, खिचडी दोनदा घेतलीस की रे मेल्या.

१९ जानेवारी

नूरबानोला फोन केला. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, वकीलबाई वाचतील. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या पोराने असं लिहिलं असेल तर त्याचं तोंड बघणार नाय मी. पण नाय लिहिलं त्याने." त्याचा नंबर दे म्हटलं. दिला. दिवसभर बंद.

दुपारी मृणाली वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आजी, इकडे ये." साइटला कळतं म्हणे, लिंक कुठल्या गावातून उघडली. हे दुसरं लिहिलं गेलं ते रोह्यातून. नोमान तर कधीच मस्कतला पोचलाय.

"आणि पहिल्यांदा त्या लिंक मरत होत्या ना," ती म्हणाली, "त्याही रोह्यातल्या ह्याच कॉम्प्युटरवर आधी उघडल्या गेल्यात. सगळ्यांच्या. प्रत्येकाच्या आधी कोणीतरी आत जात होतं. मी येडी, मला वाटलं रेंज नाही."

२१ जानेवारी

दोघी रोह्याला. सगळ्यांचा कॉम्प्युटर एकच, म्हणजे हरेशचं दुकान. मृणालीने काही न विचारता त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे फिरवला. तिथे एकाखाली एक मेल उघडलेल्या. नोमानची. जनूची. विशालची. साइटवर लिहिणारे सगळे. माझीसुद्धा.

हरेश म्हणाला, "मी काय वाईट केलं? सगळ्यांच्या मेल मीच बघतो. मी उघडून बघितलं काय आलंय, मग पुढे पाठवलं. काकी, तुम्हाला माहीत नाही का?"

मृणालीने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"अख्ख्या रोह्याला माहीत हाय," मी म्हटलं. "मेल म्हणजे हरेश. मला वाटलं तुलाही ठाऊक असेल."

ती बाकड्यावर बसली.

मी हरेशची कॉलर धरली. "दुसरं कोणी लिहिलं?"

"मी नाही! आईशप्पथ मी नाही. सुशीलशेठ म्हणाला दाखव, मी दाखवलं. मग नोमानच्या मेलवरून नवी मागायला लावली, ती लिंक दिवसभर उघडीच होती. तो बसला खुर्चीवर. म्हणाला तू बाहेर जाऊन सिगारेट ओढ. मी ओढत नाही, काकी. नुसता बाहेर उभा राहिलो."

त्याच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "हे पाणी साहेबापुढे काढशील का?" तर म्हणाला, "माझं दुकान त्याच्याच फॉर्मांवर चालतं."

परत येताना यष्टीत मृणाली खिडकीकडे बघत होती. नागोठणं गेल्यावर म्हणाली, "पंधरा मिनिटंच ठेवली असती, एकदाच चालणारी, तर नोमान आत गेलाच नसता. पण हरेशने उघडताच लिंक मेली असती, शेठही गेला नसता."

मी म्हटलं, "मी सांगितलं म्हणून वाढवलीस, हे बोल की सरळ."

"नाही बोलणार."

बोलली असती तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

जनू आला. दारातच उभा. "काकी, माझं लिहिलेलं काढून टाकायला सांगा. शेठला माहीत झालंय कोणी काय लिहिलं." मग विशालचा फोन, तेच. मग बाकीचे. मृणाली एकेकाचं काढत गेली. मी तिला म्हटलं, जेवून घे. म्हणाली, आणखी दोन राहिलेत.

शेवटी साइटवर नोमानचीच दोन लिखाणं उरली. एक खरं, एक खोटं. शेजारी शेजारी.

१० फेब्रुवारी

अलिबागला चौकशीच्या साहेबांपुढे. समोरचा वकील गोरापान, आवाज गोड. मृणालीने सही केलेला तो कागद त्याने वर धरला. "तुम्हीच लिहून दिलंय ना, ज्याची मेल तोच आत येतो? मग दुसरं लिहिणाराही नोमानच."

मृणालीने हरेशचं सांगितलं, रोह्याच्या कॉम्प्युटरचं सांगितलं.

"ही नोंद कोणाकडे आहे? तुमच्याकडे. साइट कोणाची? तुमची. तुम्ही कोण? आरोपीची मुलगी." असं म्हणून तो बसला. बसताना कोटाची मागची बाजू नीट केली.

हरेशला बोलावलं होतं. आला नाही. दुकान बंद, कल्याणला मेहुण्याकडे गेलाय म्हणे.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, दोन्ही लिखाणं बाजूला ठेवा. नोमानने स्वतः येऊन किंवा आपल्या हाताने पुन्हा लिहून, स्वतःच्या मेलवरून, कोणतं खरं ते सांगावं. पुढची तारीख पाच मार्च. त्यानंतर कागद कोर्टात जातील, प्रविणच्या नावाने आहेत तसे.

१३ फेब्रुवारी

नूरबानोकडे गेले. म्हटलं, पोराला निरोप दे.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माझा पण आठवड्यातून एकदाच बोलतो, तो पण दुसऱ्याच्या मोबाईलवरून. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलाय. धोंडू, सुशीलशेठचा माणूस आला होता. ह्याच ओट्यावर बसला. म्हणाला, पोरगा तिकडे नीट हाय, नीट राहू दे. इकडच्या भानगडीत पडला तर तिकडे त्याला बघणारं कोणी नाय. सईदचं पण नाव घेतलंन."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? चहा दिला."

मी तिला दोष देत नाही. मीही दिला असता. त्यात थुंकले असते एवढंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साइटच्या पत्त्यावर एक मेल आली. नवाच पत्ता. मृणालीने वाचली ती उतरवून ठेवते.

"ताई, मी नोमान. ही मेल मी स्वतः काढली, हरेशची नाही. दुसरं लिहिलेलं माझं नाही. मला इथे सईदने सांगितलं तेव्हा कळलं. मला लिंक पाठवा, मी खरं परत लिहितो. मोबाईल रूमवाल्याचा आहे, शुक्रवारी सुट्टीला थोडा वेळ देतो. फोन करू नका, तो घाबरतो. प्रविणदादांनी मला ढकललं ते मी विसरलो नाही. अम्मीला सांगा, प्रेशरची गोळी अर्धी करून खाऊ नको."

मृणालीने उलट लिहिलं, तुझा फोटो पाठव. उत्तर आलं, "कॅमेरा फुटलाय. तो मोबाईल मागतोय. पुढच्या शुक्रवारी दुपारी येतो, तेव्हा पाठवा." मग काही नाही.

मृणालीने पडदा माझ्याकडे फिरवला. "आजी, हा तोच आहे."

"कशावरून?"

"ढकललं ते कोणाला माहीत?"

"शेठने पहिलं लिहिलेलं वाचलंय. त्यात होतं."

तिचं तोंड पडलं. मी म्हटलं, बघ, आणि नूरबानो कसली गोळी खाते? इतकी वर्षं बघतेय, एक गोळी घेताना दिसली नाही. बाई दगड आहे. लिहिणाऱ्याने म्हातारी आहे म्हणून ठोकून दिलंय, प्रेशर म्हटलं की बसतं कोणालाही. आणि तू लिंक पाठवलीस, आणि त्याने तिसरं काही लिहिलं, तर पाच तारखेला बोलायला तोंडच राहणार नाही.

"मग काय करू?"

"त्याच्या आईला विचारू. आईला कळेल."

मृणाली म्हणाली, "ह्या वेळी मी माझ्या मनाने काही करणार नाही. तू सांगशील ते." तिने लिंकची मुदत परत पंधरा मिनिटं केलीय. एकदाच चालणारी.

२५ फेब्रुवारी

रोह्याला गेले. मृणालीने मेल मोठ्या अक्षरात कागदावर काढून दिली होती. नूरबानोला चष्मा लावूनही धड दिसत नाही, म्हणून मीच वाचली, बोट लावून लावून.

ढकललं तिथे ती काही बोलली नाही. शेवटची ओळ वाचली, तर म्हणाली, "परत वाच."

परत वाचली. अम्मीला सांगा, प्रेशरची गोळी अर्धी करून खाऊ नको.

"परत."

कान गेलेत तिचे. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली. तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली ती पार लांब जाईपर्यंत ऐकत बसली.

"नूरबानो, सांग. तुझ्या पोराची हाय का ही मेल?"

"नाय गो."

"नीट आठव."

"नाय. माझ्या पोराची नाय. माझा असं बोलत नाय. तू लिंक-बिंक पाठवू नको कोणाला."

मला तेच वाटत होतं. तिला म्हटलं, बरं झालं विचारलं, पोरगी तर पाठवून मोकळी झाली असती. धमकीला ती भ्याली असेल, नाही असं नाही. पण भ्याली असती तर मला तोंडावर म्हणाली असती, धोंडू, नको मला ह्यात ओढू. खोटं ती माझ्याशी बोलत नाही.

निघाले तर ती उठली. गुडघ्यांनी तिला ओटा उतरवत नाही, तरी भिंत धरत धरत माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली. मी म्हटलं, मर इथेच पडून, मला उचलायला सांगू नको. त्यावर शिवी द्यायची ती, तर नाही दिली. माझा हात धरला आणि यष्टी हलेपर्यंत सोडला नाही. म्हातारपणी माणूस मऊ पडतं. मी नाही पडणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मेल आली. "ताई, आलो. लिंक?"

मृणाली माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. नाही.

थोड्या वेळाने, "ताई, आहात ना?"

मग, "तो मोबाईल मागतोय. लवकर."

मृणालीचं बोट त्या बटणाच्या जवळ होतं. मी तिचं मनगट धरलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, आईने स्वतः सांगितलंय. ती हो म्हणाली. दोघी बघत बसलो. पुढे काही आलं नाही. चहाची वेळ झाली तेव्हा तिने कॉम्प्युटर मिटला.

आतून प्रविणने विचारलं, "कोण होतं?"

मी म्हटलं, "कोण नाय. चोर होता. गेला परत."